अंतरपाटाच्या कडेला

लग्नघरातल्या कुणालाच लग्न पूर्ण दिसत नाही. नवरी सकाळपासून एका खोलीत असते, नवरदेव दुसऱ्या. मुलीचे वडील दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकापुढे हात जोडत असतात, आत काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो. काका आचाऱ्याच्या मागे, मामा वऱ्हाडाच्या गाड्यांच्या मागे, मावशी दागिन्यांची पर्स पोटाशी धरून कोपऱ्यात बसलेली. आणि मुलीची आई तर जुन्या रीतीप्रमाणे मंगलाष्टकं सुरू झाली की हॉलमधून उठून तुळशीला पाणी घालायला जाते. ज्या घटकेसाठी वर्षभर जिवाचं रान केलं, ती घटका तिच्या पाठीमागे पार पडते.

सगळीकडे जाता येतं ते आम्हा फोटो काढणाऱ्यांना. चहा मुलीकडच्यांच्या खोलीत मिळतो आणि मुलाकडच्यांच्याही. दोन्हीकडची कुजबुज कानावर पडते आणि जिथली तिथेच ठेवायची असते. मी सांगलीत वडिलांचा स्टुडिओ चालवते. वडील याशिकावर लग्नं करायचे. १२० च्या रोलवर १२ फोटो यायचे, म्हणजे बारा फोटोंत हळद उरकायची, पुढच्या बारांत मंगलाष्टकं आणि सप्तपदी. चुकून एक बटण जास्त दाबलं गेलं तर वरातीला फिल्म पुरायची नाही. पण त्यांची खरी अडचण फिल्मची नव्हती. नवरीच्या खोलीचं दार त्यांना बंद असायचं. त्यांच्या जुन्या अल्बममध्ये नवरी पहिल्यांदा दिसते ती थेट मामासोबत बोहल्याकडे येताना. त्याआधीची अख्खी सकाळ कुठेच नाही. मी बाई असल्यामुळे ते दार मला उघडं मिळालं, आणि या धंद्यात मी रमले ती त्या सकाळीमुळेच.

गेल्या मार्गशीर्षातल्या एका लग्नाबद्दल लिहिते. मुलगी सांगलीची, मुलगा जत तालुक्यातला. आदल्या दिवशी हळद. हळद हा आमच्या गावाचा जुना व्यापार. इथल्या बाजारातून ती देशभर जाते, शेजारच्या हरिपूरला जमिनीतल्या पेवांमध्ये साठवली जायची, आणि २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे फोटोत हळद फिकी आली तर इथल्या लोकांच्या ती पटकन लक्षात येते. कॅमेरा स्वयंचलित ठेवला तर ती फिकी येतेच. सगळीकडे पिवळं दिसलं की उजेडच पिवळा आहे असं धरून तो रंग उतरवतो आणि नवरीचे गाल आजाऱ्यासारखे पांढुरके करतो. म्हणून मी एखाद्या आजोबांच्या स्वच्छ धोतरावर कॅमेरा धरते, पांढरं म्हणजे काय हे त्याला आधी दाखवते आणि मगच हळदीकडे वळते. धोतर नेसणारे आजोबा आता लग्नागणिक कमी होत चाललेत, त्यामुळे कधीकधी गुरुजींच्या उपरण्यावर भागवावं लागतं.

हळद आधी नवरदेवाला लागते आणि त्याची उरलेली, उष्टी हळद वाटीतून नवरीकडे येते. मी त्या वाटीच्या मागे जाते. वरच्या मजल्यावर मुलाला त्याच्या काकू-आत्या आंब्याच्या पानांनी हळद लावत होत्या. पोरगा गुदगुल्यांनी अंग चोरत होता आणि एक म्हातारी त्याला दटावत होती, "नीट बस रे, मास्तर झालास ना!" मग तीच वाटी करवलीने जिना उतरून खाली आणली. खाली मुलीच्या गालाला पहिलं बोट लागलं तेव्हा ती हसता हसता एकदम गप्प झाली. वर तो कसा बसला होता हे तिला ठाऊक नाही, खाली ती कशी गप्प झाली हे त्याला ठाऊक नाही. वाटी एकच, हळद एकच. हे दोन फोटो मी अल्बममध्ये समोरासमोरच्या पानांवर लावते आणि त्या जोडपानात तिसरा फोटो कुणी कितीही आग्रह केला तरी घालत नाही.

चुडा भरायला कासार घरी आले होते. वय झालेले, जाड भिंगाचा चष्मा, पण बोटं बघत राहावीत अशी. मुलीचा हात त्यांनी आपल्या पंजात घेतला, अंगठ्याच्या बुडाशी हलकेच दाबून पाहिला आणि बांगडीचं माप सांगितलं. टेप नाही, काही नाही. मग हाताची चारी बोटं एकात एक मुडपून त्यांनी पंजा असा काही निमुळता केला की हिरवी काचेची बांगडी हाडावरून घसरत मनगटात जाऊन बसली. मी पन्नासच्या लेन्सने अगदी जवळून फोटो घेत होते. काच ज्या जागी अडते तिथली कातडी आधी पांढरी पडते, बांगडी पुढे सरकली की लाल होते. दुखतं. मुलीने ओठ दाबून धरला होता. शेवटची बांगडी भरल्यावर ती वाकून कासारांच्या पाया पडली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुझ्या आईला पण मीच भरलेल्या." ती आई स्वयंपाकघरात होती. तिला हाक मारून आणेपर्यंत कासार पुढच्या घरी निघालेही होते.

लग्नाच्या सकाळचं नटणं-सजणं मी फार घेत नाही. मेकअप, आरसा, हॅन्गरला टांगलेला शालू, हे फोटो हल्ली सगळ्यांच्याच अल्बममध्ये सारखे असतात. मुलाच्या खोलीत फेटे बांधणारे आले होते, वऱ्हाडातली डोकी एकापाठोपाठ एक भगवी होत होती. मुंडावळ्या बांधल्यावर मात्र प्रत्येक मुलाचा चेहरा बदलतो. मोत्यांच्या सरी गालावर आल्या की मान आपोआप सरळ होते, हसणं जपून होतं. तो बदल मी दर लग्नात टिपते आणि मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

गौरीहराची खोली मला सगळ्यात प्रिय आहे. मामाकडची पिवळी साडी नेसून मुलगी पाटावर बसते, समोर अन्नपूर्णा, आणि ती चिमटी चिमटीने तांदूळ वाहत राहते. बाहेर हॉल भरत असतो, सनई चालू असते, खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खोलीत तिच्याशिवाय फार तर एखादी धाकटी बहीण, तीही मोबाइलमध्ये डोकं घातलेली. साऱ्या दिवसात नवरी एकटी असते ती एवढाच वेळ. मी कॅमेऱ्याचा आवाज बंद करते आणि दाराशी खाली बसते. या मुलीने आधी तांदूळ भराभर वाहिले, मग हळू, मग एक एक दाणा. एकदा हात थांबला. ती अन्नपूर्णेकडे नाही, स्वतःच्या हिरव्या मनगटाकडे बघत होती. ही अन्नपूर्णा तिच्याबरोबर सासरी जायची होती, बाळकृष्णासोबत. या खोलीतले फोटो मी निवडक देते. काही क्षण मी पाहिले तरी पुरे, छापायची गरज नसते.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या निर्णायक क्षणाबद्दल प्रत्येक छायाचित्रकार कधी ना कधी वाचतो. तो क्षण कुठे आणि केव्हा समोर येईल हे कुणी सांगू शकत नाही, त्याला दबा धरून बसावं लागतं. आमच्याकडे तो पत्रिकेवर छापलेला असतो, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे. पूर्वी गुरुजी घंगाळात पाणी भरून त्यावर बुडाला बारीक भोक असलेलं घटिकापात्र सोडायचे. ते भरून बुडालं की एक घटका म्हणजे २४ मिनिटं झाली. आता सगळे मोबाइलकडे बघतात. पण वेळ आधी ठाऊक असल्यामुळे फोटो सोपा होतो असं मुळीच नाही. वेळ सगळ्यांनाच ठाऊक असते, म्हणून सगळेच उठून पुढे येतात.

माझी जागा ठरलेली आहे, अंतरपाटाच्या कडेला. नवरदेव त्या बाजूला, नवरी या बाजूला, मधे कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं वस्त्र, आणि त्याच्या काठाशी मी. त्या जागेवरून दोन्ही चेहरे एका चौकटीत येतात. पाहुण्यांना अंतरपाटाची एक बाजू दिसते, त्या दोघांना तीही नाही, डोळ्यांपुढे नुसतं कापड. मंगलाष्टकं बहुतेक शार्दूलविक्रीडितात असतात, चरणाला १९ अक्षरं, १२ व्या अक्षरावर विसावा. वर्षानुवर्षं ऐकून ते वृत्त माझ्या बोटात बसलं आहे. चौथ्या चरणाचा विसावा आला की मी श्वास धरते, कारण पुढच्या सात अक्षरांनंतर अक्षता उडणार असतात. मुलाच्या आत्याने स्वतः रचलेलं मंगलाष्टक कागदावरून म्हटलं. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांची नावं त्यात गुंफली होती, एका जागी मात्रा जास्त झाली आणि माझा अंदाज अर्ध्या सेकंदाने हुकला. त्या चुकीच्या वेळी उडालेल्या अक्षतांचा फोटो पुढे मुलीला सगळ्यात आवडला.

हॉलमधले दिवे आणखी एक परीक्षा घेतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मिचमिचतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर वेगात ठेवलं तर फोटोत आडवे काळे पट्टे उमटतात. एक शतांशावर ठेवलं तर पट्टे जातात, पण उडालेला तांदूळ रेघ होऊन येतो. मी रेघा पत्करते. तांदळाचे सुटे दाणे हवेत गोठलेले मला कधी आवडले नाहीत. अक्षता पडताहेत असं वाटलं पाहिजे. त्या दिवशीही लेन्सच्या हूडमध्ये मूठभर कुंकवाचे तांदूळ जमा झाले होते.

मुलीची आई त्या वेळी कार्यालयाच्या मागच्या अंगणात होती. खरं सांगायचं तर ही रीत मला पटत नाही. हल्ली कितीतरी आया सरळ हॉलमध्ये उभ्या राहून लेकीवर अक्षता टाकतात आणि मला त्या पाहून फार बरं वाटतं. पण या बाईंनी आग्रहाला न जुमानता सांगितलं, "माझ्या आईने घातलं होतं पाणी, मी पण घालणार." मी माझ्याबरोबरच्या मुलाला ८५ ची लेन्स देऊन मागे पाठवलं आणि बजावलं, लांब उभा राहा, त्यांना बघायला लावू नकोस. त्याने आणलेले फोटो मी संध्याकाळी पाहिले. तुळशीवृंदावनाच्या कठड्यावरून पाणी वाहून खाली आलं आहे, साडीचा काठ भिजला आहे, आणि बाईंचं लक्ष त्याकडे नाही. मान लाउडस्पीकरच्या दिशेला वळलेली. कितवं मंगलाष्टक चाललंय ते त्या ऐकत होत्या. डाव्या हाताची बोटं पेरांवर मोजत होती. आतून वाजंत्री कडाडली आणि टाळ्या उठल्या तेव्हा त्यांनी तांब्या खाली ठेवून पदराने आधी हात पुसले, मग डोळे, आणि मग चप्पल न घालताच धावल्या. त्या शेवटच्या फोटोत त्यांचं एक पाऊल हललेलं आहे. मुलगा म्हणत होता, ताई, हा शेक झालाय, काढून टाकू का. मी तो अल्बममध्ये लावला.

त्यापुढचे विधी धावपळीचे. कन्यादान, लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी सगळं होमाच्या धुरात, आणि धूर फोटोला चांगला असला तरी डोळ्यांना नाही. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळला, हवी ती पँट-शर्टाची घडी उकळली, सगळे हसले. तो फोटो कुणीही काढू शकतं.

झालीपाशी मात्र मी पुन्हा थांबते. वेळूच्या परडीत दिवे लावून मुलीचे आईवडील ती परडी सासरच्या एकेकाच्या डोक्यावर टेकवतात, मुलगी तुमच्या ओटीत घातली, सांभाळा, असं सांगण्यासाठी. मी हॉलवाल्याला विनंती करून वरचे दिवे घालवते. मग उजेड फक्त परडीतून येतो आणि नेमका त्या माणसाच्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर पडतो. सासू, सासरे, थोरले दीर, जाऊ, सगळ्यांचे चेहरे तेवढ्या वेळापुरते गंभीर होतात. सकाळपासून मानपानावरून धुसफुसणारी माणसंसुद्धा डोक्यावर दिवे आले की मान स्थिर धरतात. मुलाच्या आजीच्या डोक्यावर परडी टेकली तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर करून ती धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही. मुलीचे वडील तसेच वाकून उभे राहिले.

संध्याकाळी रिसेप्शन. हा भाग बऱ्याच फोटोग्राफरांना नकोसा वाटतो. मुख्य माणूस खाली उतरून जेवायला जातो आणि स्टेजवर मदतनीस उभा करतो. रांग, आहेर, "इकडे बघा", फ्लॅश, पुढचे या. कलेच्या दृष्टीने त्यात काही नाही असं म्हणतात. मी मात्र रिसेप्शनला स्टेजसमोरून हलत नाही, आणि त्याला कारण आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात, मारुती रोडला, कितीतरी घरांत पाणी दिवसचे दिवस राहिलं. ओसरल्यावर लोक भांडीकुंडी, गाद्या बाहेर काढत होते, आणि काहीजण स्टुडिओत यायचे ते हातात फुगलेला अल्बम घेऊन. फोटोच्या कागदावरचा थर जिलेटिनचा असतो. तो भिजून वाळला की समोरच्या पानाला चिकटतो आणि सोडवायला गेलं की चेहरेच उचलून येतात. वाळू न देता स्वच्छ पाण्यात ठेवून एक एक पान हळूहळू सुटं करावं लागतं. आम्ही स्टुडिओत घमेल्यांच्या ओळी मांडल्या होत्या. जे वाचले नाहीत त्यांच्यासाठी जुन्या निगेटिव्ह आणि हार्ड डिस्क धुंडाळल्या.

त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्यांचं लग्न होतं त्यांना स्वतःच्या फोटोंची एवढी काळजी नव्हती. ते विचारायचे, "त्यात आमच्या आबांचा फोटो होता." "आत्याचा दुसरा फोटोच नाही हो कुठे." आपल्याकडे म्हातारी माणसं मुद्दाम फोटो काढायला जात नाहीत. नवा सदरा, धुतलेली टोपी, विंचरलेले केस, उजेड बरा आणि समोर चांगला कॅमेरा, हे सगळं एकाच वेळी जुळून येतं ते दुसऱ्याच्या लग्नात, स्टेजवर, आहेराचं पाकीट हातात असताना. पुढे तेच माणूस गेलं की घरचे मला फोन करतात. मी स्टेजवरचा तो फोटो शोधते, नवरा-नवरी बाजूला कापते, पाठीमागची झालर साफ करते आणि १२ बाय १५ चा करून देते. गावोगावच्या भिंतींवर हार घातलेले असे कितीतरी फोटो आहेत जे मुळात कुणाच्यातरी रिसेप्शनचे आहेत. म्हणून रांगेतला प्रत्येक म्हातारा माणूस मला त्या जोडप्याइतकाच महत्त्वाचा. डोळे मिटले तर मी पुन्हा थांबवते. रांग खोळंबते, यजमान घड्याळ बघतात, मी ऐकत नाही. आणि स्टेजवरचे फोटो, ग्राहकाने पुसायला सांगितले तरी, मी पुसत नाही. डिस्क माझ्या खर्चाने घेते.

त्या लग्नात मुलाचे चुलत आजोबा जतहून आले होते. पांढरी टोपी, तांबूस पागोट्याच्या रंगाचा मफलर, पायात वहाणा. पाकीट देऊन, दोघांच्या डोक्यावर हात ठेवून ते उतरायला निघाले तेव्हा मी म्हटलं, "आजोबा, एक तुमचा एकट्याचा काढते."

"माझा कशाला? नवरा-नवरीचं काढ की."

"त्यांचे झालेत पुष्कळ. तुम्ही थांबा जरा."

ते थांबले. मफलर काढून खांद्यावर टाकला, परत गळ्यात घातला, टोपी दोन्ही हातांनी सारखी केली. नवरीने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावरचा अक्षतांचा दाणा झटकला. मी दोन-तीन फोटो घेतले, त्यांना स्क्रीनवर दाखवले. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"हे मला मिळंल का?"

"मिळेल की. पाठवते."

"मग लिहून घे." मी आहेराच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहू लागले. त्यांनी गाव सांगितलं, वाडी सांगितली, शाळेपुढचं घर म्हणून खूण सांगितली. मागची रांग चुळबुळत होती, यजमान खालून मला खुणा करत होते. "आणि कुरिअरनं पाठवू नको," ते म्हणाले, "तो तालुक्याला टाकतो, मला आणाय कोण जाणार? दुपारच्या जतच्या गाडीत कंडक्टरच्या हाती दे. माझं नाव सांग, उतरून घेतो मी फाट्यावर. पैसं किती?"

पैसे नकोत म्हटलं तर ते ऐकेनात. जेवून येतो आणि देतो, असं बजावून ते पंगतीकडे गेले, आणि खरंच परत आले.